पोटाच्या कर्करोगाची चाचणी: कोहक्यातून निघालेला रुपया कुठे जावा

भिलईच्या कोहक्यात कुणाला जळजळ सुरू झाली, करपट ढेकर येऊ लागले की घरात आधी येते ती औषध दुकानातली ‘गॅसची गोळी’. महिना-दोन महिने ती चालते. मग नात्यातलं कुणीतरी पोटाच्या कर्करोगानं गेल्याचं आठवतं आणि मोबाईलवर आलेली हेल्थ चेकअपची जाहिरात पुन्हा उघडली जाते. साखर, थायरॉईड, लिव्हर, किडनी, व्हिटॅमिन, आणि वर ‘कॅन्सर मार्कर’. मुलगा घरी येऊन रक्त नेणार, दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट. मार्करचे पैसे तेवढे वेगळे. रक्तातून कर्करोग कळत असेल तर घशात नळी कशाला घालून घ्यायची, हा विचार कुणालाही पटेल असाच आहे.

पण पोटाच्या, म्हणजे जठराच्या कर्करोगात तो पटवून घेऊ नये. रेणूंच्या पातळीवरच्या ज्या चाचण्यांचा आज गवगवा आहे, त्यांतल्या बहुतेकांचं काम बायप्सी, म्हणजे आतला तुकडा काढून तपासणं, झाल्यावर सुरू होतं, आधी नाही. आधी जे करायचं ते जुनं आणि साधं आहे, आणि त्यातलं बरंचसं स्वस्तही आहे. हा क्रम उलटा झाला की चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

दरांबद्दल एक खुलासा. खाली दिलेले आकडे खाजगी दवाखान्या-लॅबमधले ढोबळ अंदाज आहेत. सुपेल्यात एक दर, नेहरूनगरला दुसरा, रायपूरला तिसरा, हे चालायचंच. घराबाहेर पडण्याआधी फोन करून विचारा.

पॅकेजमधले मार्कर

जाहिरातीतले ‘कॅन्सर मार्कर’ म्हणजे बहुधा तीन नावं: सीईए, सीए १९-९ आणि सीए ७२-४. पहिल्याला ४०० ते १,००० रुपये पडतात, दुसऱ्याला ८०० ते १,८००, तिसऱ्याला दीड ते तीन हजार. तिन्ही मिळून चार-पाच हजारांचा चुराडा सहज होतो.

सुरुवातीच्या टप्प्यातल्या जठराच्या कर्करोगात हे तिन्ही बहुतेक वेळा नॉर्मल असतात. म्हणजे ज्या वेळी कळलं तर फायदा, नेमकं त्या वेळी ते गप्प राहतात. उलट बाजूनं पाहिलं तर सीईए बिडी-सिगारेट ओढणाऱ्याचं नुसतंच वाढलेलं असू शकतं. सीए १९-९ पित्तनलिकेत खडा अडकून कावीळ झाली तरी चढतं, स्वादुपिंडाला सूज आली तरी चढतं. आणि शंभरातल्या पाच-दहा माणसांच्या शरीरात रक्तगटाच्या एका प्रकारामुळे सीए १९-९ तयारच होत नाही. त्यांना कर्करोग झाला तरी हा आकडा खालीच राहील. हे मार्कर निरुपयोगी नाहीत. रोगनिदान पक्कं झाल्यावर, उपचार लागू पडताहेत का, रोग परत डोकावतोय का, हे पाहण्यासाठी डॉक्टर ते वापरतात. धडधाकट माणसात रोग शोधण्यासाठी मात्र ते विकत घेऊ नयेत, पॅकेजमध्ये ‘फ्री’ असले तरी. फ्री मार्कर थोडा वर आला की त्यापुढचा सीटी स्कॅन फ्री नसतो.

याच्या पुढची पायरी म्हणजे नव्या रक्तचाचण्या. रक्तात तरंगणारे डीएनएचे तुकडे आणि मायक्रो-आरएनए नावाचे छोटे रेणू मोजून कर्करोगाचा माग काढायचा, ही कल्पना आहे आणि ती पोकळ नाही. सिंगापूरमध्ये १२ मायक्रो-आरएनए मोजणारी ‘गॅस्ट्रोक्लिअर’ ही खास जठराच्या कर्करोगाची चाचणी आहे. तिथल्या औषध नियामकानं तिला २०१९ मध्ये मान्यता दिली आणि पाच हजारांवर लोकांवरचा तिचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘एका रक्तात अनेक कर्करोग’ असा दावा करणाऱ्या चाचण्याही भारतात विकल्या जातात, काही हजारांपासून पाच आकड्यांपर्यंत. अमेरिकेतल्या अशाच एका चाचणीचा मोठा अभ्यास २०२१ मध्ये आला. पसरलेल्या, चौथ्या टप्प्यातल्या रुग्णांपैकी सुमारे ९० टक्के तिनं पकडले. पहिल्या टप्प्यातले किती? जेमतेम १७ टक्के.

समजा, एखादी चाचणी याहून बरी आहे: रोग असलेल्या शंभरातले ८५ पकडते आणि रोग नसलेल्या शंभरातल्या ८५ जणांना बरोबर ‘नाही’ म्हणते. दुर्ग-भिलईतली पन्नाशीपुढची, काही तक्रार नसलेली १०,००० माणसं घ्या. त्यांतल्या पाच जणांना आज जठराचा कर्करोग आहे असं धरू. चाचणी त्यांतले चार पकडेल. उरलेल्या ९,९९५ निरोगी माणसांपैकी सुमारे १,५०० जणांनाही ती ‘पॉझिटिव्ह’ म्हणेल. म्हणजे १,५०४ घरांत रडारड, आणि रोग चौघांना. त्या सगळ्यांची एंडोस्कोपी (घशातून नळीची दुर्बीण) आणि बायप्सी माणशी पाच हजारांत झाली तरी ७५ लाख रुपये. जपान-कोरियात हा रोग मुळात खूप आहे म्हणून तिथं हे गणित वेगळं बसतं. कोरियात चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी आणि जपानमध्ये पन्नाशीनंतर दोन-तीन वर्षांनी एंडोस्कोपी होते, सरकारी कार्यक्रमात. तिथंही पाया दुर्बिणीचा आहे, रक्ताच्या बाटलीचा नाही.

भारतात वर्षाला साधारण साठ हजारांच्या पुढे नवे रुग्ण सापडतात. मिझोरमसारख्या ईशान्येकडच्या राज्यांत प्रमाण बरंच जास्त, मध्य भारतात कमी. म्हणूनच आपल्या सरकारी कर्करोग-तपासणीत जठर नाही. तिथं तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख तपासलं जातं, तेही मोफत. कोहक्यात सकाळी बोटावर गुडाखू, म्हणजे तंबाखूची पेस्ट, घेऊन दातांना घासणारी माणसं कमी नाहीत. त्यांनी पोटाच्या मार्करवर एक रुपया घालण्याआधी आरोग्य केंद्रात जाऊन तोंड उघडून दाखवावं. त्याला पैसे पडत नाहीत आणि सापडण्याची शक्यता तिथं कितीतरी जास्त आहे.

मग कुणी खर्च करावा

तीन प्रकारच्या माणसांनी.

पहिली, धोक्याची लक्षणं असलेली. कारण नसताना वजन उतरणं, डांबरासारखं काळं शौच, रक्ताची उलटी, घास अडकणं, सतत उलट्या, दोन घासांत पोट भरल्यासारखं होणं, किंवा पुरुषात आणि पाळी थांबलेल्या स्त्रीत लोहाच्या कमतरतेचा पंडुरोग. यांनी कुठलीही रक्तचाचणी, कुठलंही पॅकेज मध्ये आणू नये. सरळ एंडोस्कोपी. गॅसच्या गोळीनं बरं वाटतंय म्हणून थांबूही नये. त्या गोळीनं कर्करोगाच्या जखमेची लक्षणंसुद्धा काही काळ दबतात. पंचेचाळिशीनंतर पहिल्यांदाच अपचन सुरू झालं आणि हटत नाही, त्यांनाही डॉक्टर बहुधा हाच रस्ता दाखवतात.

दुसरी, आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला जठराचा कर्करोग झालेली. तिसरी, लक्षणं साधी आहेत पण जुनी आहेत, गोळी सोडली की परत येतात, अशी.

दुसऱ्या आणि तिसऱ्या गटानं सुरुवात करायची ती एच. पायलोरी या जिवाणूपासून. जठराच्या अस्तरात राहणारा हा जिवाणू बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी उजेडात आणला, त्यासाठी त्यांना २००५ चं नोबेल मिळालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९४ मध्येच त्याला पहिल्या श्रेणीचा कर्करोगकारक ठरवलं. अस्तराला वर्षानुवर्षं सूज, मग अस्तर विरणं, मग त्या जागी आतड्यासारख्या पेशी येणं, मग पेशी बिघडणं आणि शेवटी कर्करोग, अशी ती पायरी-पायरीची वाट आहे आणि तिला दशकं लागतात. बहुतेकांची वाट मध्येच थांबते. भारतात निम्म्याहून अधिक प्रौढांच्या पोटात हा जिवाणू असतो, म्हणून रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर घाबरून रडायचं कारण नाही. पण औषध घेऊन तो घालवता येतो, आणि घालवल्याचा उपयोग होतो. चीनच्या लिनचू भागात १९९५ मध्ये लोकांना दोन आठवड्यांचं औषध देऊन २२ वर्षं पाठपुरावा केला. औषध घेतलेल्यांत जठराच्या कर्करोगाचं प्रमाण सुमारे निम्म्यावर आलं. कोरियात २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास तर खास रुग्णांच्या सख्ख्या नातेवाइकांवरचा होता: नऊ वर्षांत औषध घेतलेल्यांपैकी १.२ टक्क्यांना रोग झाला, न घेतलेल्यांपैकी २.७ टक्क्यांना. कुठल्याही महागड्या मार्करनं एवढा फायदा अजून करून दाखवलेला नाही.

दुर्बिणीशिवाय होणाऱ्या या जिवाणूच्या चाचण्या तीन. रक्तातली प्रतिपिंडं मोजणारी आयजीजी चाचणी ६०० ते १,५०० रुपयांची आणि जिथं-तिथं मिळते, पण जिवाणू आज आहे की दहा वर्षांपूर्वी होता हे ती सांगत नाही. श्वासाची चाचणी, म्हणजे युरिया ब्रेथ टेस्ट, चांगली; दोन ते चार हजार; मात्र सगळीकडे यंत्र नसतं. मलातली अँटिजेन चाचणी दीड ते तीन हजारांची, अचूकतेत श्वासाच्या चाचणीच्या जवळपास. कोहक्यात राहणाऱ्याला हीच सोयीची, कारण डबी कलेक्शन सेंटरवर देता येते, पुढं ती मोठ्या लॅबला जाते. कलेक्शन सेंटरच्या दारावर मोठ्या कंपनीची पाटी असली तरी तपासणी कुठल्या शहरात होते आणि त्या लॅबला एनएबीएलची मान्यता त्या चाचणीपुरती आहे का, हे विचारून घ्या.

श्वासाची किंवा मलाची चाचणी करण्याआधी गॅसची गोळी, म्हणजे पॅन्टोप्राझोल-ओमेप्राझोल वर्गातलं औषध, दोन आठवडे बंद हवं आणि अँटिबायोटिक चार आठवडे. नाहीतर जिवाणू असून रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ येतो आणि दोन-तीन हजार पाण्यात. कलेक्शनवाला हे आपणहून विचारेलच असं नाही. गोळी मात्र डॉक्टरांना विचारूनच थांबवायची, विशेषतः हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर.

जिवाणू निघाला तर तीन-चार औषधांचा, बहुधा १४ दिवसांचा कोर्स. ब्रँडनुसार ८०० ते २,५०० रुपये; जनऔषधी केंद्रातून घेतला तर कमी. आपल्याकडे क्लॅरिथ्रोमायसिनला हा जिवाणू बऱ्याच ठिकाणी दाद देत नाही, म्हणून शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरचा ‘एच. पायलोरी किट’ उचलून आणू नका. कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी मलाची किंवा श्वासाची चाचणी पुन्हा. हा शेवटचा खर्च लोक वाचवतात आणि मग जिवाणू गेला की नाही ते कधीच कळत नाही. डॉक्टरांच्या दोन-तीन भेटींचे ३०० ते ७०० रुपयांप्रमाणे धरून हे सगळं सहा ते दहा हजारांत बसतं.

पेप्सिनोजेन: कामाचा एकमेव रक्त-मार्कर, अटींसह

जठराचं अस्तर किती विरलं आहे, याचा अंदाज रक्तातून येऊ शकतो. अस्तरातल्या ग्रंथी पेप्सिनोजेन १ आणि २ ही प्रथिनं बनवतात. अस्तर विरलं की पहिलं घटतं. जपानमध्ये रूढ झालेली मर्यादा अशी: पेप्सिनोजेन १ हे ७० नॅनोग्रॅम किंवा त्याहून कमी आणि १ भागिले २ हे गुणोत्तर ३ किंवा त्याहून कमी. दोन्ही अटी जुळल्या तरच पॉझिटिव्ह. रिपोर्टमध्ये १ चा आकडा ४२ आणि २ चा १९ असेल तर गुणोत्तर २.२ येतं, म्हणजे पॉझिटिव्ह. १ चा आकडा ५५ आणि २ चा ११ असेल तर गुणोत्तर ५. एक अट जुळली, दुसरी नाही, म्हणून निगेटिव्ह, जरी लॅबनं ५५ वर लाल खूण केलेली असली तरी.

याला एच. पायलोरीच्या प्रतिपिंडांची जोड देऊन जपानी डॉक्टर लोकांना ए, बी, सी, डी असे चार गट पाडतात. २००५ मधल्या एका जपानी अभ्यासात ए गटात वर्षाला ०.०४ टक्के लोकांना कर्करोग झाला, डी गटात ०.६० टक्के. डी गट कोणता, तर अस्तर इतकं विरलेलं की जिवाणूलाही तिथं राहवत नाही, म्हणून जिवाणूची चाचणी निगेटिव्ह. नुसतीच जिवाणूची चाचणी केलेला माणूस इथं फसतो.

म्हणजे हा मार्कर कर्करोग दाखवत नाही, एंडोस्कोपी कुणाची आधी करायची ते सांगतो. प्रत्येक लॅबच्या यादीत तो नसतो. असला तर दोन हजारांच्या पुढेच धरून चला. आणि चार प्रकारच्या माणसांनी तो करूच नये: गॅसची गोळी रोज घेणारे, मूत्रपिंड निकामी झालेले, जठराचं ऑपरेशन झालेले आणि एच. पायलोरीचा कोर्स आधीच घेतलेले. त्यांचे आकडे दिशाभूल करतात. माझं मत विचाराल तर, बायप्सीसह एंडोस्कोपी पाच-सहा हजारांत मिळत असताना दुर्ग-भिलईच्या माणसानं पेप्सिनोजेनवर पैसे घालण्यात फारसा अर्थ नाही. नळीला फारच घाबरणाऱ्या, घरात रोगाचा इतिहास असलेल्या माणसाला दारापर्यंत न्यायला तो उपयोगी पडेल, एवढंच.

दुर्बिणीचं बिल

खाजगीत एंडोस्कोपीचा दर दीड ते चार हजार सांगतात. फोनवर सांगितलेला आकडा आणि काउंटरवरचं बिल यांत फरक पडतो तो चार ओळींमुळे. बायप्सी घेतली तर चिमट्याचे पैसे वेगळे. एच. पायलोरीसाठी जागेवरच करायच्या रॅपिड युरिएज चाचणीचं किट ३०० ते ८००. तुकडे पॅथॉलॉजिस्टकडे जातात त्याचे ८०० ते २,००० वेगळे, कधी कधी वेगळ्याच लॅबच्या पावतीवर. आणि झोपेचं इंजेक्शन हवं असेल तर ५०० पासून, भूलतज्ज्ञ बोलावला तर दोन-तीन हजारांपर्यंत. इथं काउंटरवर हिंदीतच बोलावं लागतं, तर प्रश्नही तयार ठेवा: “इस रेट में बायप्सी, किट और पैथोलॉजी शामिल है क्या? पीस कितने लेंगे?”

तुकड्यांचा प्रश्न आगाऊपणाचा वाटेल, तरी विचारा. अस्तराची स्थिती नीट कळायची तर पाच जागांचे तुकडे घ्यायची मान्य पद्धत आहे: जठराच्या खालच्या भागातून दोन, वळणावरून एक, वरच्या भागातून दोन, आणि खालचे-वरचे वेगळ्या बाटल्यांत. घाईत एकच तुकडा घेतला तर पाच हजार देऊन अर्धवट उत्तर घेतल्यासारखं होतं. संशयास्पद जखम दिसली तर तिथून सहा-आठ तुकडे घ्यायला हवेत. त्याचं कारण पुढं येईल.

तयारी सोपी आहे. सहा ते आठ तास उपाशी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल आधी सांगणं, सोबत एक माणूस. घशात बधिरतेचा फवारा किंवा जेल, डाव्या कुशीवर झोपायचं, प्रत्यक्ष नळी पाच-दहा मिनिटं. झोपेचं इंजेक्शन घेतलं तर त्या दिवशी स्कूटर चालवायची नाही, म्हणजे कोहक्याला परतायचं ऑटोभाडंही हिशेबात धरा.

रिपोर्टमध्ये ‘इंटेस्टायनल मेटाप्लेझिया’ असा शब्द आला की लोक इंटरनेटवर वाचून हादरतात. तो कर्करोग नव्हे, वर सांगितलेल्या वाटेवरची मधली पायरी आहे. थोड्या भागात असेल तर बहुधा जिवाणू घालवणं पुरतं. जठराच्या दोन्ही भागांत पसरलेली असेल तर साधारण तीन वर्षांनी पुन्हा दुर्बीण.

कोहक्यातून कुठे जायचं? जवळच जुनवानीला शंकराचार्य मेडिकल कॉलेज आहे, सुपेल्यात सरकारी लाल बहादूर शास्त्री रुग्णालय, पलीकडे दुर्गचं जिल्हा रुग्णालय. पोलाद कारखान्यातल्या आणि तिथून निवृत्त झालेल्यांसाठी सेक्टर ९ चं जवाहरलाल नेहरू रुग्णालय. सरकारी ठिकाणी दुर्बीण आहे का आणि कोणत्या वारी, हे आधी विचारा. जीई रोडनं रायपूरकडे निघालं की टाटीबंधला, शहरात शिरण्याआधीच, एम्स लागतं. खर्च तिथं अगदी कमी, वेळ मात्र जातो. ऑनलाइन नोंदणी करून गेलात तर निदान पहिली रांग टळते. धोक्याची लक्षणं असतील आणि तारीख लांबची मिळत असेल तर दुर्बीण खाजगीत करून, बायप्सीचा रिपोर्ट घेऊन एम्स गाठणं हा शहाणपणाचा सौदा आहे.

बायप्सीनंतर: इथं रेणूंवर खर्च करा

बायप्सीत कर्करोग निघाला तर मॉलिक्युलर चाचण्यांचा खरा उपयोग इथून सुरू होतो, कारण आता त्यांच्या उत्तरावर औषध ठरतं.

हर-टू ही पहिली. जठराच्या कर्करोगांपैकी साधारण १५ ते २० टक्क्यांत पेशींवर हे प्रथिन जास्त असतं. तुकडा रंगवून पाहण्याच्या आयएचसी पद्धतीनं ही चाचणी दोन ते चार हजारांत होते. उत्तर ० किंवा १+ आलं तर निगेटिव्ह, ३+ तर पॉझिटिव्ह. २+ आलं तर अधांतरी, मग फिश नावाची चाचणी, आणखी आठ ते पंधरा हजार. जठरात हे प्रथिन गाठीच्या एका कोपऱ्यात असतं आणि दुसऱ्यात नसतं, म्हणून सहा-आठ तुकडे. पॉझिटिव्ह आलं तर ट्रास्टुझुमॅब हे औषध. २०१० मध्ये आलेल्या ‘टोगा’ या औषध-अभ्यासात पसरलेल्या रोगाच्या रुग्णांचं मध्यक आयुष्य त्यानं ११.१ महिन्यांवरून १३.८ वर नेलं. फार नाही, पण ते प्रामाणिकपणे मोजलेलं आहे, आणि भारतीय कंपन्यांचं बायोसिमिलर आल्यापासून औषध पूर्वीइतकं महाग राहिलेलं नाही. रोग लवकर सापडला आणि ऑपरेशनच होणार असेल तर हर-टूची घाई नको.

एमएसआय किंवा एमएमआर, म्हणजे पेशींची डीएनए-दुरुस्ती बिघडली आहे का हे पाहणारी चाचणी मात्र रोग कोणत्याही टप्प्यात असला तरी करून घ्यावी. चार प्रथिनांच्या आयएचसीला पाच ते दहा हजार. केमोथेरपी-इम्युनोथेरपीचा निर्णय तिच्यावर फिरतो, शिवाय घराण्यात लिंच सिंड्रोम, म्हणजे कर्करोगाचा एक वारसा, आहे का याचा इशाराही मिळतो. पीडी-एल१ या प्रथिनाच्या चाचणीला पाच ते बारा हजार, ती इम्युनोथेरपीसाठी. इथं ऑन्कॉलॉजिस्टला स्पष्ट विचारावं: पॉझिटिव्ह आलं तर ते औषध आम्हाला परवडणार आहे का? उत्तर ‘नाही’ असेल तर चाचणी करून मनाला टोचणी लावून घेण्यात काय हशील? क्लॉडिन १८.२ ही नवी चाचणी, जिच्यावरच्या औषधाला जपाननं २०२४ मध्ये पहिली मान्यता दिली, तिलाही हाच प्रश्न. काही चाचण्या औषध कंपन्यांच्या मदत योजनेतून फुकट होतात, तेही विचारून ठेवा. शेकडो जनुकं एकदम वाचणारं एनजीएस पॅनल तीस हजारांपासून लाखापर्यंत जातं. ते सर्वांत शेवटी, आणि डॉक्टर कारण सांगतील तरच.

यांतल्या बहुतेक चाचण्या बायप्सीच्या त्याच मेणाच्या ब्लॉकवर होतात, पुन्हा दुर्बीण घालावी लागत नाही. म्हणून लॅबकडून नुसता कागद घेऊ नका. ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या. तुकडे फॉर्मॅलिनमध्येच, आणि फार तर तीन दिवस, एवढी काळजी लॅबनं घेतलेली असावी लागते. मग ब्लॉक नवा रायपूरच्या बाल्को मेडिकल सेंटरला न्या, नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयात किंवा जामठ्याच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत न्या, नाहीतर मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयाला. भिलईच्या मराठी घरांचा ओढा नागपूरकडे असतो, तिथं आत्या-मावशी कुणीतरी असतेच आणि राहण्याचा खर्च वाचतो.

वारशाची चाचणी फार थोड्या घरांना लागते. १९९८ मध्ये न्यूझीलंडच्या एका माओरी कुटुंबात सीडीएच१ या जनुकातला दोष सापडला. त्यानं ‘डिफ्यूज’ प्रकारचा जठराचा कर्करोग तरुणपणीच होतो. घरात पन्नाशीच्या आत डिफ्यूज प्रकार झाला असेल, दोघांना जठराचा कर्करोग आणि त्यांतल्या एकाला डिफ्यूज असेल, किंवा तो आणि स्तनाचा लोब्युलर कर्करोग एकाच घराण्यात असतील तर विचार करा. पॅनल दहा ते पंचवीस हजारांचं. आधी रुग्णाची चाचणी. दोष सापडला तरच मुला-भावंडांची, आणि ती फक्त त्या एका दोषापुरती, काही हजारांत. सगळ्या घरानं एकदम पॅनल करून घेणं म्हणजे लॅबची चंगळ.

पैसे कोण देतं

आयुष्मान कार्ड बाह्यरुग्ण तपासण्यांना चालत नाही, हे आधी समजून घ्यावं. छत्तीसगडच्या शहीद वीर नारायण सिंह आयुष्मान योजनेत प्राधान्य रेशनकार्डाला वर्षाला ५ लाख आणि इतरांना ५०,००० रुपयांपर्यंत उपचार मिळतात. सत्तरी ओलांडलेल्यांना वय वंदना कार्डावर उत्पन्न न पाहता ५ लाख. पण ते भरती झाल्यावर. भरतीआधीचे जेमतेम तीन दिवस त्यात धरतात. हर-टू, एमएसआय पॅकेजमध्ये बसतात का, ते नमुना देण्याआधी रुग्णालयातल्या आयुष्मान मित्राला विचारा, नंतर नाही.

खाजगी मेडिक्लेममध्ये नुसत्या तपासणीसाठी भरती दाखवली तर दावा फेटाळला जातो. मात्र भरतीआधीच्या ३० किंवा ६० दिवसांतला, त्याच आजाराचा खर्च बहुतेक पॉलिसी देतात. म्हणून एंडोस्कोपीचं, पॅथॉलॉजीचं मूळ बिल आणि डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवा. चिठ्ठीविना नुसतं बिल मान्य होत नाही. जुन्या करपद्धतीत आरोग्यविम्याच्या वजावटीच्या मर्यादेत प्रतिबंधात्मक तपासणीचे ५,००० रुपये धरता येतात, रोख दिले असले तरी. ईएसआय कार्डवाल्यांनी दवाखान्यातून रेफरल घेतल्याशिवाय खाजगीत पैसे भरू नयेत, ते परत मिळवताना जीव मेटाकुटीला येतो.

निदान झालेल्या रुग्णाला उपचारासाठी रेल्वेची सवलत आहे: स्लीपर आणि थर्ड एसीत रुग्णाला पूर्ण, सोबतच्या एकाला ७५ टक्के, सेकंड एसीत दोघांना ५० टक्के. फॉर्म रुग्णालयाच्या शिक्क्यानं भरून मिळतो. दुर्गहून नागपूरच्या पहिल्याच फेरीत तो मागून घ्या, कारण पुढच्या फेऱ्या ठरलेल्याच असतात.